टी-शर्ट कंपनीचा, पगार कुणाचा? गोव्यात पार्सल डिलिव्हरीच्या कामाला लागताना

म्हापशाजवळच्या एका हबवर, म्हणजे पार्सलं उतरवून वाटपाला लावायच्या गोदामावर, मी तीन वर्षं पार्सलं वाटली. त्यातली पहिली दीड वर्षं गावात सांगत फिरलो की मी कंपनीत लागलो. टी-शर्ट कंपनीचा, बॅग कंपनीची, फोनमधलं ॲप कंपनीचं, मग दुसरं काय सांगणार? पुढे गाडीच्या कर्जासाठी बँकेने पगाराची स्लिप मागितली आणि स्लिपवर भलत्याच ठेकेदाराचं नाव निघालं. पीएफचं पासबुक उघडलं तर मधले सात महिने कोरे. हबवर विचारायला गेलो, तर इन्चार्ज शांतपणे म्हणाला, ‘तू आमचा नव्हेच.’ तो खरंच बोलत होता.

म्हणून या कामाची पहिली पायरी लायसन्स नाही. आपल्याला नक्की कोण ठेवणार आहे, हे आधी कळलं पाहिजे.

आधी दार ओळखा

मोठ्या पार्सल कंपनीत शिरायची तीन दारं आहेत आणि बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. कंपनीच्या थेट पटावर रस्त्यावरची माणसं कमीच घेतात, तिथे बहुतेक हब सांभाळणारे असतात. दुसरं दार ठेकेदाराचं, म्हणजे माणसं पुरवणारी एजन्सी किंवा कंपनीसाठी चार-सहा गाड्या चालवणारा स्थानिक भागीदार. तुमचा मालक तो, आणि पगार, पीएफ, रजा सगळं त्याच्याकडे. तिसरं दार म्हणजे स्वतःच्या गाडीवर, नगावर पैसे. यात तुम्ही नोकर नसता, कागदावर ‘पार्टनर’ असता. ॲमेझॉनचं फ्लेक्स हा त्यातलाच प्रकार, भारतात ते २०१९ मध्ये आलं.

कुठलंही दार वाईट नाही. कॉलेज करणाऱ्या, चार तास मोकळे असलेल्या मुलाला तिसरं बरं. ज्याच्या घरात दोन लहान मुलं आहेत, त्याने दुसरं पाहावं आणि ठेकेदार नीट पारखून घ्यावा. फक्त आपण कुठल्या दाराने आत जातोय, हे पहिल्याच दिवशी तोंडावर विचारा: ‘माझ्या बँकेत पैसे कुणाच्या नावाने जमा होणार?’ या एका प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर तिथून उठा. आणि नेमणूकपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते देणं बंधनकारक केलंय, त्यामुळे मागताना ओशाळायचं कारण नाही.

जाता जाता पोस्टाबद्दल. दहावीला बरे गुण असतील तर ग्रामीण डाकसेवकाच्या भरतीवर लक्ष ठेवा. लेखी परीक्षा नसते, दहावीच्या गुणांवर यादी लागते. गोव्याची पोस्ट महाराष्ट्र सर्कलमध्ये मोडते आणि स्थानिक भाषेच्या अटीत आपली मराठी चालते. वाट बघावी लागते, म्हणून तोवर पार्सलं वाटायला हरकत नाही.

लायसन्स, गाडी आणि कुणी न वाचलेला विमा

दुचाकीवर काम करायचं तर वय १८ पूर्ण आणि गिअरच्या गाडीचं लायसन्स हवं. फक्त बिनगिअरचं असेल आणि हबने मोटारसायकल हातात दिली, तर नाही म्हणा. लायसन्सच नसेल तर सारथी पोर्टलवर शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरा. ते सहा महिने चालतं आणि पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतरच देता येते. म्हणजे दिवाळीच्या सेलमध्ये लागायचं तर गणपतीच्या आधी अर्ज जायला हवा. शिकाऊ लायसन्सवर कुठलाही धड हब घेत नाही, आणि जो घेतो तो पुढेही असाच वागणार.

छोटा हत्ती, इको किंवा पिकअप चालवायचा असेल तर हलक्या मोटारवाहनाचं लायसन्स लागतं. त्यावर वेगळा ‘ट्रान्सपोर्ट’चा शिक्का हवा का, हा जुना वाद. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो मिटवला: ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. तरी काही ठेकेदार अजून शिक्का मागतात. तिथे निकालावर वाद घालत बसण्यापेक्षा दुसरा ठेकेदार गाठलेला बरा. मात्र मालवाहू गाडीसाठी वय २० लागतं, हे लक्षात ठेवा. गाडी ठेकेदाराची असेल तर नंबरप्लेट पिवळी आहे ना आणि फिटनेसची तारीख शिल्लक आहे ना, हे चावी घ्यायच्या आधी बघा. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचा फिटनेस दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी होतो. नाक्यावर पोलीस थांबवतात तेव्हा खिडकीपाशी तुम्हीच असता, ठेकेदार नसतो.

दोडामार्ग, सावंतवाडी, चंदगड, खानापूरकडून येणाऱ्यांसाठी: तुमचं लायसन्स देशभर चालतं, पण एमएच ०७ किंवा केए २२ ची गाडी सलग बारा महिन्यांहून जास्त गोव्यात ठेवली तर नोंदणी इथली करून घ्यावी लागते. रोज संध्याकाळी घरी परतत असाल तर हा प्रश्न येत नाही. गाडी नाही म्हणून काळ्या प्लेटची, पर्यटकांना भाड्याने देतात ती स्कूटर महिन्यावर घ्यायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. ती डोक्यातून काढा.

आता विमा. तुमच्या दुचाकीची पॉलिसी काढा आणि त्यातला ‘वापराची मर्यादा’ हा बारीक अक्षरातला परिच्छेद वाचा. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत सर्वसाधारणपणे लिहिलेलं असतं की भाड्यासाठी वापर आणि नमुने किंवा स्वतःचं सामान सोडून इतर मालाची वाहतूक यात येत नाही. थोडक्यात, पाठीवर चाळीस पार्सलं असताना गाडी घसरली तर विमा कंपनी हात वर करू शकते. हे मला तीन वर्षांत एकाही हबवर कुणी सांगितलं नाही. एजंटला विचारा की डिलिव्हरीसाठी वेगळी जोडणी मिळते का, आणि त्याचं उत्तर तोंडी नको, लेखी घ्या. हबला विचारा की रायडरचा अपघात विमा आहे का, असेल तर कार्ड दाखवा. ‘आहे रे, काळजी करू नको’ हे कार्ड नव्हे.

कागद

आधार, पॅन, लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, बँकेचं पासबुक आणि दोन फोटो. आरसी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र. आधारवरचं आणि बँकेतलं नाव अक्षरशः जुळायला हवं. आपल्याकडे एका कागदावर ‘गावकर’ आणि दुसऱ्यावर ‘गांवकार’ असतं आणि पहिला पगार तिथेच अडकतो. चारित्र्याची पडताळणी बहुतेक कंपन्या आपणच करून घेतात, तेव्हा कुणी त्यासाठी तुमच्याकडे पैसे मागू लागलं तर सावध व्हा. भाड्याने राहत असाल तर घरमालकाकडून पोलीस ठाण्यातली भाडेकरू पडताळणी करून घ्या, पत्त्याच्या पुराव्यालाही ती उपयोगी पडते.

नगावर काम करणार असाल तर ई-श्रम पोर्टलवर नोंद करा. पैसे लागत नाहीत आणि बारा अंकी क्रमांक मिळतो. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार, म्हणजे असे नगावर काम करणारे, आलेत, पण नोंदच नसेल तर उद्या योजना आली तरी तुमच्यापर्यंत पोचणार कशी?

गोव्यातल्या पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला सरकारी नोकरीसाठी, इथे कुणी विचारत नाही.

कुठे जायचं, कुणाला भेटायचं

फोनवरच्या जाहिरातींपेक्षा पाय जास्त कामाला येतात. हब शहराच्या मधोमध नसतात. वेर्णा, थिवी, पिळर्ण, कुंडई, खोर्ली अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास किंवा महामार्गालगतच्या गोदामांत चौकशी करा. सकाळी सातला जाऊ नका, तेव्हा मालाचा ट्रक उतरत असतो आणि कुणाला मान वर करायला फुरसत नसते. दुपारी साडेबारा-एकला जा. किंवा सगळ्यात सोपं म्हणजे तुमच्या दारात पार्सल घेऊन येणाऱ्या मुलालाच थांबवून विचारा: पगार कितीला होतो, वेळेवर होतो का, सोडून किती जण गेले? तिसऱ्या प्रश्नाला तो हसला, की उत्तर मिळालं.

कंपन्यांच्या वेबसाइटवरही अर्ज भरता येतो, भरून ठेवा. मात्र ‘निवड झाली, किट आणि ट्रेनिंगचे अमुक रुपये भरा’ असा मेसेज आला तर तो ठग आहे. नोकरी देणारा पैसे घेत नाही. भरून बसला असाल तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

हिशेब मांडल्याशिवाय हो म्हणू नका

इन्चार्ज म्हणेल, ‘नगाला पंधरा रुपये, मुलं दिवसाला साठ-सत्तर मारतात.’ ऐकायला गोड. कागद घ्या.

समजा दिवसाला ५० पार्सलं खरोखर पोचली आणि नगाला १५ रुपये. झाले ७५०. धाव ९० किलोमीटर आणि गाडी लिटरला ४५ देते, म्हणजे दोन लिटर पेट्रोल, धरा २०० रुपये. ऑइल, टायर, ब्रेकचे रोज ५० बाजूला ठेवा. नाही ठेवलेत तरी पावसाळ्यानंतर ते एकदम जातातच. उरले ५००. महिन्याला २६ दिवस म्हणजे १३,०००.

आता ठेकेदाराचा १५,००० पगार बघा, पेट्रोल वेगळं. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० आणि ईएसआयचे (कामगारांचा आरोग्य विमा) पाऊण टक्का म्हणजे ११३ कापून हातात १३,०८७. वरवर दोन्ही सारखेच. पण दुसऱ्यात मालकाचेही १,८०० तुमच्या पीएफ आणि पेन्शनमध्ये जातात, पाय मोडला तर मडगावचं ईएसआय इस्पितळ आहे, आणि चतुर्थीला चार दिवस घरी राहिलात तर सगळंच बुडत नाही. पहिल्यात मात्र सेलच्या दिवसांत ९० पार्सलं मारून दुप्पट कमावता येतं, हेही खरं. ज्याच्या अंगात वेग आहे आणि ज्याला जवळचा, दाट वस्तीचा भाग मिळतो, तो नगावरच खूश असतो. म्हणजे प्रश्न दराचा कमी आणि भागाचा जास्त. ताळगावच्या इमारतींत एका लिफ्टमध्ये आठ पार्सलं सुटतात. सत्तरीत आठ पार्सलांना अर्धा दिवस जातो, आणि दर तोच! तेव्हा ‘मला कुठला भाग देणार?’ हे दराच्या आधी विचारा आणि लांबच्या भागाला जादा दर आहे का, तेही.

आणखी तीन गोष्टी: न पोचलेल्या पार्सलाचे पैसे मिळतात का, हरवलेल्या मालाची कापणी कोण ठरवतो, आणि पगार कुठल्या तारखेला. नगावरच्या पैशांतून एक टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, जात असेल तर वर्षअखेर आयकर विवरणपत्र भरून तो परत मिळवा. बहुतेक मुलं तो सोडून देतात.

ठेकेदाराकडे लागल्यावर दुसऱ्या महिन्यापासून उमंग ॲपवर पीएफचं पासबुक बघत जा. मी दीड वर्ष बघितलं नाही, त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

चाचणीचा दिवस

मुलाखत म्हणजे पाच मिनिटांची गोष्ट. खरी परीक्षा एक-दोन दिवस जुन्या रायडरच्या मागे बसून फिरायची. त्या दिवसांचे पैसे मिळणार का, ते आधीच विचारा. पार्सलं भागवार लावली जातात, तुमच्या नावावर स्कॅन होतात आणि रनशीट, म्हणजे त्या दिवसाच्या पार्सलांची यादी, तयार होते. स्कॅन झालं की पार्सल तुमच्या गळ्यात. म्हणून घाईत कुणी पन्नास नग एकदम तुमच्या नावावर मारत असेल तर थांबवा, मोजा, फाटलेलं किंवा पुन्हा चिकटपट्टी लावलेलं बाजूला काढा आणि तिथल्या तिथे फोटो घ्या. शेवटी द्यायचं ते बॅगेत तळाशी आणि पहिलं वर. हे सगळ्यांना कळतं, पण सकाळच्या गडबडीत करतो कोण?

हबवर ‘आरटीओ’ ऐकलं तर दचकू नका. इथे त्याचा अर्थ पणजीचं वाहतूक खातं नव्हे, विकणाऱ्याकडे परत जाणारं पार्सल. तुमचे आरटीओ वाढले की टीम लीडरचा फोन येतो. त्यावर ‘गिऱ्हाईक घरी नव्हतं’ असं खोटं मारण्याची सवय जुनी मुलं लावतात. लावून घेऊ नका, गिऱ्हाइकाने तक्रार केली की जाणारे तुम्ही असता, शिकवणारा नव्हे.

पत्ता नावाची गोष्ट

गोव्यात या कामाचा कस इथे लागतो. ॲपवर गावांची नावं रोमन लिपीत येतात आणि तीही पोर्तुगीज वळणाची. ‘बिचोलिम’ दिसलं तर ते आपलं डिचोली, ‘सांकेलिम’ म्हणजे साखळी, ‘पेर्नेम’ म्हणजे पेडणे, ‘क्युपेम’ म्हणजे केपे, ‘कुर्चोरेम’ म्हणजे कुडचडे. बाहेरून आलेला मुलगा रस्त्यात थांबून ‘क्युपेम कुठे?’ विचारतो आणि म्हातारे एकमेकांकडे बघतात. पहिल्या आठवड्यात आपल्या भागातल्या गावांची ही जोडयादी वहीत लिहून काढा.

घरक्रमांकावर विसंबू नका. तो पंचायतीचा, करासाठीचा. २१५ च्या शेजारी २१६ असेलच असं नाही, ते टेकडीपलीकडेही निघतं. वाड्यांची नावंही गावोगावी तीच, देऊळवाडा नसलेलं गाव मला अजून भेटायचंय. एकाच वाड्यावर फर्नांडिसांची सहा घरं आणि त्यातल्या दोघांत बोलाचाल बंद, म्हणून शेजाऱ्याकडे पार्सल ठेवायचं नाही, हे कुठलं ॲप सांगणार? इथे खुणा चालतात: खुरीस (क्रूस), कपेल (छोटं चर्च), पिंपळ, तळी, पोसरो (छोटं दुकान). फोनवर ‘पत्ता सांगा’ म्हणू नका, ‘घरा लागीं कितें आसा?’ विचारा. डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंड्यात मराठीवर निभावतं. सासष्टीत आणि बार्देशच्या किनाऱ्याकडे कोकणीतली चार वाक्यं आली तर दार उघडतं: ‘पार्सल हाडलां (आणलंय), घरा आसात?’ एवढ्यानेही आवाज बदलतो. वयस्कर माणसाला बाब, बाई किंवा अंकल, आंटी. नुसतं नाव घेऊन हाक मारू नका.

वेळ सांभाळा. दुपारी एक ते चार दुकानं बंद आणि माणसं आडवी. तेव्हा बेल वाजवलीत तर पार्सल मिळूनही गिऱ्हाईक रागावतं. ते तीन तास पणजीतल्या पाटोसारख्या कार्यालयांच्या भागात किंवा मोठ्या इमारतींत घालवा आणि घरं सकाळी-संध्याकाळी करा. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून बॅग घेऊन जायचा विचारच नको. चोडण किंवा दिवाडी ही बेटं तुमच्या भागात आली तर फेरीबोटीच्या वेळा धरून रनशीट लावा, कारण एक बोट चुकली की तुमची दोन-तीन पार्सलं गेली. चतुर्थीला पणजी-पर्वरीचे फ्लॅट कुलूपबंद असतात, सगळे मूळ गावच्या घरी. आदल्या दिवशी फोन करून विचारा, नाहीतर अर्धी बॅग परत.

जूनपासून चार महिने फोनला आणि बॅगेला दोन-दोन आवरणं लागतात. भिजलेलं पार्सल गिऱ्हाईक घेत नाही आणि हबही मानत नाही. कुत्रा चावला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी इस्पितळात जा. ‘पाळलेला आहे’ या मालकाच्या शब्दावर थांबू नका. हेल्मेट नसेल तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. लायसन्स हेच भांडवल असलेल्या माणसाला दंडापेक्षा ते तीन महिने महाग.

संध्याकाळचे पैसे

सीओडीची, म्हणजे पार्सल देताना गिऱ्हाइकाकडून घेतलेली, रोकड त्याच संध्याकाळी हबवर भरायची, घरी न्यायची नाही, एका रात्रीसाठीसुद्धा. खिशात स्वतःचे पाचशे रुपये सुटे ठेवा आणि ते वेगळ्या कप्प्यात, नाहीतर हिशेब कधीच जुळत नाही. पाचशेची नोट उजेडात बघून घ्या, खोटी निघाली तर ती तुमचीच. ओटीपी घेतल्याशिवाय महागडा फोन हातात देऊ नका, गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी.

काउंटरवर पैसे भरले की पावती घ्या आणि रनशीटचा व पावतीचा फोटो एकत्र काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी ॲपवर कालची यादी दिसेलच असं नाही. पहिल्या महिन्यात माझ्या नावावर २,३०० रुपये कमी दाखवले. मी भरले होते, पण पावती घेतली नव्हती, सगळे घाईत होते. पगारातून गेले. पाच महिन्यांनी पुन्हा तसंच, या वेळी १,१५० कमी. मी फोन पुढे केला. काउंटरवरच्याने फोटो मोठा करून बघितला, ड्रॉवर पुन्हा मोजला आणि काही न बोलता सही केली.